परतीचं उड्डाण कुणाचं

कोरेगाव
३ फेब्रुवारी २०२५

प्रांजल,

फोन लावला की एकदा वाजून बंद होतो. मेसेजखाली एकच खूण राहते. तू मला ब्लॉक केलं आहेस हे कळायला मला बरेच दिवस लागले. तक्रार नाही. आपल्या विमानशाळेच्या होस्टेलच्या रजिस्टरचा एक जुना फोटो माझ्याकडे होता, त्यात तुझा सांगलीचा पत्ता सापडला. म्हणून कागदावर लिहिते आहे.

मला अजून नोकरी नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात येऊन या महिन्यात दोन वर्षं होतील. लॉगबुकात दोनशे नऊ तास आहेत. परवाना मिळाला तेव्हा दोनशे तीन होते. वर्षातून एकदा चाचणीपुरतं उडते, तेवढीच भर.

मोठ्या कंपन्यांच्या तीन परीक्षा दिल्या. पहिलीत लेखीत गेले, दुसरीत मुलाखतीत. तिसऱ्या कंपनीने निकालाआधीच भरती थांबवली. लहान कंपन्या पाचशे तास मागतात.

सध्या मी ड्रोन चालवते. उसावर औषध मारायचा. दहा लिटरची टाकी, दहा मिनिटांची बॅटरी. माझा भाऊ दिग्विजय बॅटऱ्या बदलतो आणि टाकी भरतो. मी बांधावर उभी राहून पडद्याकडे बघते. ड्रोनचंही प्रमाणपत्र काढावं लागलं. तिथल्या शिक्षकांनी ओळख विचारली तेव्हा मी नुसतं नाव आणि गाव सांगितलं.

शेजारच्या रंगुबाई बांधावर येऊन उभ्या राहतात. परवा म्हणाल्या, "इमान शिकाय गेलीस आन् भिंगरी घिऊन आलीस व्हय गं?" आणि मग स्वतःच्या दोन एकरांवर फवारणी करून घेतली. बायकांना सांगत होत्या, आमच्या उसाला पायलट लावलीय म्हणून.

मागच्या आठवड्यात म्हसवडकडे गेलो होतो, डाळिंबाच्या बागा होत्या. तिकडे झाडी कमी, आभाळ मोठं दिसतं. एक विमान खूप उंचावरून गेलं. दिग्विजयनं वर बघितलं आणि मग माझ्याकडे. मी पडद्यावरची बॅटरी बघत होते.

त्या नोव्हेंबरबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही.

तू कुठे आहेस, उडतेस का, ते कळवशील तर बरं.

दीपमाला


कोरेगाव
१९ मार्च २०२५

प्रांजल,

उत्तर आलं नाही. मी गृहीत धरलं होतं.

पुण्यातल्या एका कंपनीचं बोलावणं आलं आहे. दोन लहान विमानं आहेत. कारखानदार, पुढारी, कधी एखादा पेशंट. त्यांना सहवैमानिक हवा आहे आणि दोनशे तास चालतात. असं पहिल्यांदाच वाचलं.

अर्ज अकरा पानांचा. सतरावा प्रश्न तुला माहीत असेल, सगळीकडे तोच असतो. तुम्ही विमान उडवत असताना त्याचं कधी नुकसान झालं आहे का. होय. नाही. होय असल्यास तपशील. तपशिलाला तीन ओळींची जागा.

मी "नाही" वर खूण केली. आजपर्यंत सगळ्या अर्जांत तीच केली आहे.

कागदाप्रमाणे ते खरं आहे. नऊ नोव्हेंबरच्या कागदावर जातानाची वैमानिक म्हणून माझं नाव आहे आणि येतानाची म्हणून तुझं. प्रॉपेलर धावपट्टीला घासला तो येताना. तो कागद आपण सकाळी निघायच्या आधी भरला होता, रोज भरायचो तसा. एकीने न्यायचं, तिथे जागा बदलायच्या, दुसरीने आणायचं. सगळेच तसं करायचे.

एवढंच.

दीपमाला


मिरज स्टेशन
६ एप्रिल २०२५

प्रांजल,

गाडीला सव्वा तास उशीर आहे, म्हणून इथे बसून लिहिते आहे. मी तुझ्या घरी येऊन गेले. तुझ्या आईनं सांगितलं असेलच. किंवा नसेल.

तू क्लासला गेली होतीस. बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतेस हे मला तेव्हाच कळलं. विनोदिनी काकूंनी मला दारातच ओळखलं. म्हणाल्या, "दीपमाला ना तू? फोटोत जाड दिसतेस." मग आत बोलावलं, चहा ठेवला. मी का आले ते त्यांनी विचारलं नाही. तुझी मैत्रीण आली एवढ्यावर त्या खूश होत्या.

त्यांनी सगळं सांगितलं. तुझी परीक्षा आठ महिने लांबली. परवाना मिळाला, पण मग प्रत्येक अर्जात ते एक वाक्य लिहावं लागतं. तू ते लिहितेस. काकू म्हणाल्या, वगळ ना, कोण बघायला येतंय. तर तू म्हणालीस की कागदावर आहे ते लिहावंच लागतं. काकू म्हणाल्या, ते लिहून लिहून आता पाठ झालंय, समोर कोरा कागद ठेवला तरी तेच येईल.

मग म्हणाल्या, "हिला लहानपणापासून घाई गं. सायकल शिकली तेव्हा पण आधी आपटली मगच ब्रेक सापडला. विमानाचंही तसंच केलं असणार. तू होतीस ना शेजारी? तू तरी ओरडायचंस."

मी चहा प्यायले. त्यांनी विचारलं, साखर कमी झाली का. मी नाही म्हटलं.

मला तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो. वेळही होता.

आता इथे लिहिते. तुला माहीत असलेलंच लिहिते, पण मी ते कुठेच लिहिलेलं नाही. परत येताना विमान मी उडवत होते. पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा होती आणि माझी लँडिंग बिघडत होती. तिथे उतरल्यावर मी म्हटलं, आणखी एक दे. तू म्हणालीस, "घे. तसंही जागा बदलायचा कंटाळा आलाय." मी डावीकडे, वैमानिकाच्या जागेवरच बसून राहिले. कागद बदलायचा म्हणजे शाळेला फोन करायचा, सरांची परवानगी घ्यायची. तो आपण केला नाही.

उतरताना मी फार उंचावरच नाक वर खेचलं. वेग संपला. चाकं आपटून विमान उसळलं आणि मी घाबरून नाक खाली घातलं. खडीवर लोखंड घासावं तसा तीनदा आवाज झाला आणि इंजिन थांबलं. आपण दोघी उतरून पंखाखाली उभ्या होतो तेवढ्यात सर जीपने आले. त्यांच्या हातात सकाळचा कागद होता. तो बघून ते म्हणाले, "प्रांजल, परतीचं तुझं होतं ना?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघत होते.

तू म्हणालीस, "हो सर."

गाडी येते आहे असं सांगताहेत.

दीपमाला


कोरेगाव
४ मे २०२५

प्रांजल,

मुलाखत परवा झाली. घेणारे कॅप्टन वीरधवल, त्या कंपनीचे मुख्य वैमानिक. मूळचे कोल्हापूरचे. कोरेगाव म्हटल्यावर मराठीतच बोलायला लागले. घरी कोण कोण, वडील काय करतात. मी सांगितलं, सैन्यात हवालदार होते, आता शेती. त्यांना ते आवडलं.

मग माझं लॉगबुक चाळताना शाळेचं नाव बघून थांबले. म्हणाले, या शाळेतली एक मुलगी गेल्या वर्षी आली होती. प्रांजल नावाची. लेखी परीक्षेत पहिली. पण तिच्या अर्जात एक गोष्ट होती आणि मालक नको म्हणाले. तिचं नाव माझ्या अजून लक्षात आहे, म्हणाले.

तू तिथे जाऊन आली आहेस हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

पुढचं जसं झालं तसं लिहिते.

"तुम्ही ओळखता तिला?"

"हो."

"त्या दिवशी शाळेत होता?"

"विमानात होते. शेजारी."

"काय चुकलं?"

"उंचावर खेचलं. उसळल्यावर नाक खाली घातलं."

"तुम्ही काय केलं असतं?"

"पॉवर देऊन पुन्हा वर गेले असते. दुसऱ्यांदा उतरले असते."

त्यांनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाले, "दुसऱ्याच्या चुकीतून शिकणारी माणसं मला हवीत."

बाहेर आल्यावर मला भूक लागली होती. समोर एका गाडीवर उपीट खाल्लं. लिंबू जास्त पिळलेलं होतं. हे मी तुला का सांगते आहे ते कळत नाही. त्या दिवसातलं मला तेवढंच नीट आठवतं.

दीपमाला


कोरेगाव
११ जून २०२५

प्रांजल,

मला घेतलं आहे. एक जुलैला रुजू व्हायचं. दोन महिने त्या विमानाचं प्रशिक्षण, मग सहवैमानिक.

आबांनी पत्र दोनदा वाचलं आणि प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातलं. त्यांच्या पेन्शनचे कागद आहेत त्याच फाइलमध्ये. रंगुबाई म्हणाल्या, "आमच्या घरावरनं जाताना जरा खाली घे गं. पत्र्यावर वाळत घातल्यालं कापड उडाया नगं, पर दिसाय पायजेस." दिग्विजय ड्रोनला गिऱ्हाईक शोधतो आहे. सगळं पटापट होत आहे.

रुजू होण्याआधी एक प्रतिज्ञापत्र द्यायचं आहे. सतरावा प्रश्न त्यात पुन्हा आहे, पण शब्द वेगळे. तुम्ही प्रत्यक्ष विमान चालवत असताना. कागदावर नाव कुणाचं हे तिथे विचारलेलं नाही. त्यावर वकिलासमोर सही करायची. पंचवीस जूनच्या आत पाठवायचं.

मी खरं लिहिलं तर ते माझ्यापुरतं राहत नाही. कागदाप्रमाणे कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी, तुझी असताना तू मला विमान दिलंस, आणि विचारल्यावर हो म्हणालीस. तुझ्याही परवान्यावर येईल. तुझ्याकडे उरलेला एवढा परवाना आहे.

म्हणून तुला विचारते. मी सांगू का? तू नको म्हणालीस तर मी "नाही" वर सही करीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. तू हो म्हणालीस तर सांगीन. वीस तारखेपर्यंत कळव.

दीपमाला


सांगली
१६ जून २०२५

दीपमाला,

पाचही पत्रं मिळाली. वाचली.

मी त्या कंपनीत गेले होते ते आईला माहीत नाही. तिला सांगू नकोस.

सायकलवरून पडला तो माझा चुलतभाऊ, यशराज. मी नाही. आईला आता ते माझंच आठवतं. असं व्हायला तिला वर्षभर लागलं. आधी ती म्हणायची, प्रांजलच्या हातून असं होणार नाही. मग म्हणायला लागली, होतं एखाद्या वेळी. मग सायकल आली.

त्या दिवशी सरांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं, ते तू बोलावंस म्हणून. तू मी बोलायची वाट बघितलीस. आता परत तेच करते आहेस, फक्त पोस्टाने. मी सांग म्हटलं तर तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. सांगू नकोस म्हटलं तर तू माझ्यासाठी गप्प बसलीस. दोन्हीकडे सही माझीच.

मी काही म्हणणार नाही. तुझं तू ठरव. माझं जे व्हायचं ते होईल, ते मला नवीन नाही.

याला उत्तर पाठवू नकोस.

प्रांजल


कोरेगाव
२४ जून २०२५

प्रांजल,

उत्तर पाठवू नकोस म्हणालीस. हे उत्तर नाही, झालेलं कळवते आहे. तुझ्या परवान्याचाही प्रश्न आहे, तेव्हा तुला माझ्याकडून आधी कळायला हवं.

काल सकाळी वीरधवल सरांना फोन केला. म्हटलं, "सर, मुलाखतीत मी ज्या लँडिंगचं सांगितलं ते माझं होतं."

ते म्हणाले, "शेजारी होता म्हणालात ना?"

"शेजारी प्रांजल होती."

"आणि ती गप्प बसली?"

"मी गप्प बसले. कागदावर तिचं नाव होतं, म्हणून तिला विचारलं गेलं."

"हे मला आज का सांगताय?"

"परवापर्यंत सही करायची आहे."

त्यांच्या मागे इंजिनाचा आवाज येत होता. मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सगळं लिहून पाठवा. शाळेला आणि दिल्लीला विमान खात्यालाही. एक तारखेला येऊ नका."

दुपारी बसून लिहिलं. दीड पान झालं. कारणं लिहिली होती, ती दुसऱ्या प्रतीत काढली, मग एक पान झालं. तू परवानगी दिलीस असं न लिहिता मी मागितली असं लिहिलं आहे. दोन्ही खरं आहे. दुसरं मी लिहू शकते. कोरेगावच्या पोस्टातून तीन रजिस्टर पाकिटं टाकली. प्रत सोबत जोडली आहे.

आबा पडवीत खुरप्याला दांडा बसवत होते. मी त्यांना सांगितलं. सगळं, तुझ्या नावासकट. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"रिपोट दिलास?"

"दिला."

"खाडाखोड?"

"नाही."

"मंग आता वाट बघायची," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पोरीच्या आईला कोन सांगनार?"

मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय नको.

"आन् तुझ्या आईला?"

आईला त्यांनीच सांगितलं. ती जेवताना माझ्याशी बोलली नाही. भाकरी मात्र नेहमीसारखी वाढली. रंगुबाईंना कुणी काहीच सांगितलेलं नाही. त्या रोज विचारतात, कपडे शिवून झाले का.

मला हलकं वगैरे वाटलं नाही. तसं वाटेल अशी कुठेतरी अपेक्षा होती. आज खटावकडे फवारणी होती, गेलो. वारा होता म्हणून दोन तास बसून राहिलो. दिग्विजयनं विचारलं, "आता काय करायचं?" मी म्हटलं, वारा पडला की चालू करू. त्याने ते विचारलेलं नव्हतं.

दीपमाला


कोरेगाव
२० ऑगस्ट २०२५

प्रांजल,

तुलाही दिल्लीचं पत्र आलं असेल. मला सोमवारी आलं.

चौकशीला मला सकाळी बोलावलं होतं आणि तुला दुपारी. बाहेरच्या रजिस्टरमध्ये तुझं नाव माझ्या खाली छापलेलं होतं, सहीची जागा मोकळी होती. मी थांबले नाही. थांबले असते तर तुला माझ्याकडे बघून आत जावं लागलं असतं.

ती नोंद तुझ्या नावावरून निघून माझ्या नावावर जाईल असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. जुनी ओळ खोडत नाहीत, तिच्याखाली दुसरी लिहितात. कमांड प्रांजल. प्रत्यक्ष विमान चालवणारी दीपमाला. आणि दोघींचा परवाना तीन महिन्यांसाठी स्थगित, कारण दोघींनी खरी माहिती दिली नाही. अठरा ऑगस्टपासून सतरा नोव्हेंबरपर्यंत. तुझे ते तीन महिने माझ्या पत्रामुळे गेले. त्याआधीची अडीच वर्षंही. याच्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

कंपनीचं पत्र जुलैतच आलं होतं. दोन ओळी. आबांनी आधीचं पत्र फाइलमधून काढलं आणि मला विचारलं, "ह्याचं काय करू?" मी म्हटलं, ठेवा. त्यांनी दोन्ही पत्रं एकाच कप्प्यात घातली, तारखेप्रमाणे.

काल वीरधवल सरांचा फोन आला. माझ्यासाठी नव्हता. म्हणाले, मालकांशी बोललो आहे, ती जागा अजून भरलेली नाही, स्थगिती संपेपर्यंत थांबू. प्रांजलचा जुना नंबर लागत नाही, नवीन असेल तर द्या.

नवीन नंबर माझ्याकडे नव्हताच. पण काकूंचा होता, त्या दिवशी त्यांनी दिला होता. तो मी दिला नाही. त्यांनी काकूंना फोन केला असता आणि तू तिथे गेली होतीस हे काकूंना कळलं असतं. शिवाय तुला ती नोकरी हवी आहे की नाही हे मला माहीत नाही. तिथे मी बसले असते, हेही तुला माहीत आहे.

मी त्यांना सांगितलं की मी तिला कळवते, ती ठरवील. ते म्हणाले, लवकर.

त्यांचं कार्ड सोबत आहे. नंबर मागच्या बाजूला पेनने लिहिलेला आहे, तो त्यांचा स्वतःचा. छापलेल्या नंबरवर ऑफिसातली माणसं उचलतात आणि निरोप पोचत नाही. सकाळी सात ते नऊ ते जमिनीवर असतात.

दीपमाला